मायची उष्टी हळद

सेनगावहून आत वळलं की रस्ता काही वेळ सोयाबीनमधून जातो, मग तुरीतून, आणि मग एका ठिकाणी जाणंच सोडून देतो. तिथं आमची टेकडी आहे. उंच म्हणावी अशी ती नाही. गुरंसुद्धा धाप न लागता चढतात. पण सप्टेंबरच्या सकाळी पायथ्याला धुकं असतं, आणि मग टेकडीचं खालचं अंग नाहीसं होऊन नुसतं डोकं उरतं. त्यावर पांढरी माय, आणि तिच्या पायाखाली काहीच नाही. लहानपणी मला वाटायचं, टेकडी रोज कुठंतरी फिरून येते आणि एखाद्या सकाळी खाली उतरायचं विसरते. अजूनही तसंच वाटतं. फक्त आता कुणाला सांगायची सोय नाही. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेतात.

ही माय म्हणजे मरीयामाय, येशूची आई. आमच्या भागात ख्रिस्ती घरं पिठात मीठ असावं तेवढीच, पण सप्टेंबरात मायचा वाढदिवस येतो आणि त्या दिवशी टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही येतो, आमचे पाव्हणे येतात. आसपासच्या शेतकऱ्यांच्या बाया खण-नारळ घेऊन ओटी भरायला येतात, तांड्यावरच्या बाया लेकरं झोळीत घालून येतात. फार पूर्वी एका फादरनी त्या ओटीला हरकत घेतली होती म्हणे. तेव्हा माझ्या आजेसासूनं त्यांना विचारलं, "लेकरू कडंवर घेऊन उभी ऱ्हायलेल्या बाईची वटी भरायची न्हाई, तर मंग काय तुमची भरायची?" फादर त्या विषयावर परत बोलले नाहीत.

पण टेकडीची खरी गंमत हळदीत आहे. आमच्याकडं हळदीला तोटा नाही. उन्हाळ्याच्या तोंडी शिवाराशिवारात हळद शिजत असते, आणि माणसांच्या टाचा पाऊस पडेपर्यंत पिवळ्याच असतात. तेव्हा मायला वाढदिवसाची अंघोळ घालायची तर ती हळदीनंच. हे कुणी सुरू केलं, कुणाला माहीत नाही. प्रत्येक घर आपापल्या हळदीची मूठ आणतं, ती परातीत कालवायची, बायांनी मायला लावायची, मग घागरी ओतून तिला धुवायची. मूर्ती सिमेंटची आहे. मधूनमधून फादर तिला पांढरा-निळा रंग देऊन घेतात, पण पदराच्या चुण्यांत बसलेली हळद काही हटत नाही. नव्या रंगातूनही ती हळूहळू वर येते, जशी झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एखादी जुनी गोष्ट येते.

परातीत उरते ती उष्टी हळद. लग्नात नवरदेवाची उष्टी हळद नवरीला लावतात, तशी मायची उष्टी हळद लग्नाच्या पोरींना लावायची. जिला लागली तिचं लग्न पुढच्या वाढदिवसाच्या आत. हा आमच्या गावांचा कायदा. बिशपसाहेबांचं पत्र एक वेळ कुणी मनावर घेणार नाही, पण उष्टी हळद लागली म्हटल्यावर पोरीचा बाप मांडववाल्याकडं जातोच जातो. आणि ती लावायचा मान जमलेल्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा. सवाष्ण असो की नसो. मायलाही नवऱ्यामागं दिवस काढावे लागलेच की, असं आमच्याकडं म्हणतात. काही वर्षांपासून तो मान माझ्याकडं आलाय. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. बाकीच्या आधी गेल्या.

यंदा वाढदिवसाच्या आदल्या दुपारी मुलगा आणि सून माझ्या खाटेजवळ येऊन बसले. एकेकटं येतात तेव्हा गोळ्या घेतल्या का विचारायला येतात. जोडीनं आले म्हणजे काम अवघड असतं.

काम काय ते मला ठाऊक होतं. माझी नात, त्यांची एकुलती एक पोरगी, नर्सिंग शिकून नांदेडच्या दवाखान्यात कामाला लागलेली. तिनं उन्हाळ्यात, हळदीचे कंद उन्हात पसरता पसरता, जसं काही मीठ संपलंय असं सांगावं तशा आवाजात सांगितलं की तिला सिस्टर व्हायचंय, दिवाळी झाली की ती मठात जाणार. लग्न नाही, लेकरंबाळं नाहीत, मठ पाठवील तिकडं जायचं. तेव्हापासून आमच्या घरात भाकरी मोडल्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा, एवढी जेवणं मुकी झाली होती.

"आई, उद्या परात तुझ्याच हातात ऱ्हाणार," मुलगा म्हणाला.

"दरसाल ऱ्हाती."

"पोरीला एक बोट लाव."

सून खाटेच्या सुंभाशी चाळा करत म्हणाली, "आत्याबाई, आमी काय जबरदस्ती न्हाई करत. पर एकदा चारचौघांत हळद लागली की सिस्टरच म्हणतील, बाई, घरच्याचं मन राख, साल-दोन साल थांब. तवर माणसाचं मन बदलतं. तुमचं बदललंच व्हतं की."

"माझं मन न्हाई बदललं. माझ्या नाकावर पुटकुळी आली व्हती," मी म्हणाले.

सुनेला ती गोष्ट ठाऊक होती, तरी बिचारी हसली नाही. मुलगा उठला आणि दारातून पाठमोराच म्हणाला, "एकच हाय आमाला, आई."

मी 'बघते' म्हणाले. म्हातारपणी हा शब्द फार कामाला येतो. त्यात हो पण मावतं आणि नाही पण. खरं सांगायचं तर मलाही ती जायला नकोच होती. माझ्या पायाची नखं तीच कापते. दुसऱ्या कुणी कापली की बोटाला लागतं.

सकाळी जीपनं पायथ्याशी उतरलो. मुलगा आणि सून पातेली घेऊन पुढं गेले, आणि मी नातीच्या खांद्यावर हात ठेवून मागून निघाले. तिच्या हातात आमच्या घरच्या हळदीचा डबा. धुक्यात पुढचं माणूस दिसत नव्हतं, नुसता टाळांचा आवाज वरून झिरपत होता. वाटेच्या दोन्ही अंगांना कुर्डूचे गुलाबी तुरे उभे होते, आणि त्यांच्यावर चतुर असे स्थिर तरंगत होते की जणू त्यांना टाचणीनं हवेला लावलंय. अशा सकाळी मला एक खोड लागते. मी एकटी चालत नाही. माझ्या डाव्या अंगाला ती येऊन चालायला लागते: सोळा वर्षांची, दोन वेण्यांची, मान एका बाजूला कललेली. ती म्हणजे मीच. लई येडी पोरगी.

तिची मान कलली होती त्याला कारण होतं. तिला सिस्टर व्हायचं होतं. आता तिला देवाची हाक कशी आली म्हणाल, तर ती वसतिगृहात राहून शाळा शिकत होती, आणि तिथल्या सिस्टरच्या खोलीला आतून कडी होती. आमच्या घरी माणसं एवढी की कूस बदलायची तर शेजारणीला उठवून विचारावं लागे. आतून कडी लागणारं दार म्हणजेच स्वर्ग, असं त्या पोरीचं पक्कं झालं. वर सिस्टरच्या साडीला इस्त्री, आणि कुणाची टाप नव्हती त्यांना 'पाणी आण गं' म्हणायची.

त्यात त्या वेळच्या म्हाताऱ्या फादरनी उपदेश केला. सुख बाहेरून येतं, आनंद आतून येतो, आणि तो आला की माणसाला कळतं, असं ते म्हणाले. कसं कळतं ते सांगायच्या आधी त्यांना खोकल्याची उबळ आली आणि घंटा वाजली. झालं. पोरगी तेव्हापासून आनंदाची वाट बघत बसली. तिनं ठरवलं की मायच्या मूर्तीचा चेहरा आहे तसाच आनंद झालेल्या माणसाचा होत असणार: डोळे अर्धे मिटलेले, मान जरा डावीकडं. घागरीतल्या पाण्यात बघून तिनं तो चेहरा पाठ केला. आणि मग दूध चुलीवर ठेवल्यासारखी ती घडीघडी आत डोकावून बघायची, आला का, आला का.

"आला का गं?" मी तिला धुक्यात विचारलं.

"गप. येऊन राहिला," ती मान न हलवता म्हणाली.

"डोळे उघडून चाल. त्या साली शेळीवर जाऊन आदळली व्हतीस."

"शेळीच आडवी आली व्हती."

"शेळी बांधलेली व्हती, बये."

नातीनं वळून माझ्याकडं बघितलं. "आजी, कुणासंगं बोलून राहिलीस?"

"हाय एक माझ्या वळखीची. आगाव हाय."

तिला सवय आहे. ती पुढं बघून चालायला लागली. मी तिच्याकडं चोरून बघत होते. मला तपासायचंच होतं तिला. ज्या पोरीनं एकदा स्वतःला फसवलंय, तिला दुसरीचं फसणं लांबून ओळखू येईल, असा माझा हिशेब होता. मान कललीय का? नाही. डोळे मिटतायत का? नाही, तिचे डोळे एका भजीवाल्याच्या कढईवर होते. वाटेत तिनं खरंच भजी घेतली, मला दिली, बोटं ओढणीला पुसली. एका तांड्याच्या बाईच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तिला आपली चप्पल दिली आणि खड्यांवरून 'आई गं, उई गं' करत अनवाणी चालली. मुखावर तेज वगैरे काही नाही. खडा टोचला की तोंड वाकडं होत होतं.

शेवटी मी सरळ विचारलं. "पोरी, तुला आनंद व्हतो का गं?"

"कशाचा?"

"आगं तो. फादर सांगतेत तो. आतून येतो तो."

ती थांबली. वरच्या टाळांचा आवाज आता जवळ आला होता आणि धुक्याला कुठंकुठं पिवळी भोकं पडत होती. तिनं खरंच विचार केला. तिला विचार करताना मी ओळखते. खालचा ओठ दातात धरते, बारकी असल्यापासून.

"ठावं न्हाई, आजी," ती म्हणाली. "मी कवा बघितलंच न्हाई."

आणि पायातला काटा काढायला खाली बसली.

माझ्या डाव्या अंगाची पोरगी चालायची थांबली. तिची मान सरळ झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

मला एक जुनी सकाळ आठवली. हाच मुलगा, आता हळद लाव म्हणणारा, तेव्हा कडेवरचा होता आणि तापानं फणफणला होता. ताप उतरला त्या सकाळी मी त्याची दुपटी धुवायला ओढ्यावर गेले. पाणी थंड होतं, माझी कंबर मोडली होती, डोळ्यांत झोप होती. शेजारची बाई म्हणाली, "काय गाणं म्हणून राहिलीस गं एवढ्या पहाटचं?" मी गात होते हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं विचारलं आणि ते थांबलं, फांदीवरून पाखरू उडावं तसं. फांदी तेवढी हलत राहिली. मी मग आत डोकावून बघितलं, तर तिथं कुणी नव्हतं. पण कुणीतरी आत्ताच उठून गेलं होतं, जागा गरम होती. म्हातारे फादर म्हणाले होते की आनंद आला की कळतं. मला तर तो गेल्यावर कळला. बिचाऱ्यांना खोकला आला नसता तर कदाचित हेच सांगणार असतील.

वर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. धुकं खाली शिवारात जाऊन बसलं होतं, आणि आम्ही सगळी माणसं, पातेली, टाळ, लेकरं, नारळ, जणू एका मोठ्या पांढऱ्या पाण्यातल्या बेटावर होतो. बायांनी परात तयार ठेवली होती. घराघराच्या मुठी पडत होत्या: कुणाची हळद गडद, कुणाची फिकी, कुणाची नवी, कुणाची डब्याच्या तळाची. आमची मूठ नातीनं टाकली. मग बाया मायवर चढल्या म्हणायला हरकत नाही. एक गाल चोळते, एक पाय, एक कडेवरच्या बाळाची पाठ, आणि सगळ्या मिळून तिला म्हणतात, "मान खाली कर गं माय, कानामागं ऱ्हायलं." सिमेंटची माय ती, मान कुठून खाली करणार? पण उन्हात हळद ओली चमकते आणि डोळे दिपतात, तेव्हा मला दरवर्षी वाटतं की ती किंचित वाकली.

इथंच, ह्याच जागी, त्या येड्या पोरीचा घात झाला होता. तिला पाणी आणायचं काम दिलं होतं. मायची अंघोळ झाली, बाया घागरी घेऊन उतरल्या, आणि ती परातीजवळ एकटीच उरली. आनंद काही आला नव्हता. नाकावर मात्र भली मोठी पुटकुळी आली होती, चांगली लाल. हळदीनं पुटकुळी बसते. पोरगी देवाच्या दारात उभी, मान कलती, डोळे अर्धे मिटलेले. आणि मनात म्हणते, कुणी बघून नाही राहिलं, एक बोट लावावं. लावलं. उष्टी हळद म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं, बरं का. पण तिला वाटलं, पुटकुळीला लावलेली हळद देव मोजणार नाही.

देवानं मोजली की नाही ठाऊक नाही. बायांनी मोजली. "अगं बया! पोरीनं आपल्याच हातानं लावून घेतली! एवढी घाई?" आख्खी टेकडी हसली. पिवळं नाक घेऊन पोरगी उभी. सिस्टर तिथंच होत्या. त्याही पदर तोंडाला लावून हसल्या, आणि पोरीनं कल्पिलेलं ते आतून कडीचं दार तिथंच बंद झालं, बाहेरून. ऊन कलायच्या आत एका मावशीनं मुलगा सांगितला. पोरगी रडली. एका डोळ्यानं रडली. दुसऱ्या डोळ्यानं मुलाचा फोटो बघत होती. मुलाकडं रेडिओ होता. पुढं त्या रेडिओवाल्यानं मला आयुष्यभर हसवलं, ती गोष्ट वेगळी. पण तिला कुणी विचारलं नाही की तुला काय पाहिजे, आणि विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, हेही खरं.

आता परात माझ्या हातात होती.

पोरी ओळीनं येत होत्या. काही लाजत, काही आईनं पाठीत ढोसल्यामुळं. एक म्हणाली, "आजी, थोडीच लाव, मला बारावी करायचीय." मी तिच्या कानामागं टिकली एवढी लावली, देवाला दिसेल आणि मावशांना दिसणार नाही अशी. मुलगा पलीकडं लिंबाखाली उभा होता. हात मागं बांधलेले, नजर माझ्या बोटांवर. सून त्याच्यामागं अर्धी लपलेली.

नात आली ती कुणाचं तरी रडकं लेकरू कडेवर घेऊन. त्याची आई मायची ओटी भरत होती, म्हणून ते हिच्याकडं. त्यानं हिचे केस मुठीत धरलेले, नाक हिच्या खांद्याला पुसलेलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी बोट बुडवलं. आणि तसंच धरून ठेवलं. लावलं असतं तर काम झालं असतं. माझी नखं कापायला माणूस घरात राहिलं असतं. बोटावरून हळद परातीत टपकायला लागली.

"लाव की, आजी. थांबलीस काहून?"

"तुला ठावं हाय का, ही लागली म्हंजी काय व्हतं?"

"ठावं हाय. पप्पानं तुला सांगितलं तेबी ठावं हाय. मी मोरीत भांडे घासून राहिले व्हते, भिताडाला कान लावायचीबी गरज पडली न्हाई."

"मंग पळत काहून न्हाईस? मी बोट लावीन की."

तिनं लेकराचा हात केसांतून सोडवला. "आजी, आपल्या घरची पोरगी घरातून जाती तवा हळद लावून जाती. तू गेलीस, आत्या गेली. मी तशीच जाऊ का, कोरडी?" आणि मग हसली. हसताना तिचे पुढचे दोन दात दिसतात, ते माझ्या नवऱ्याचे आहेत. "थांबायला न्हाई लावायची. जायला लाव."

मला विचार करायला वेळ लागला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मी एक बोट नाही, दोन्ही हात बुडवले. तिचं कपाळ, गाल, नाक, हनुवटी. लेकराच्याही नाकाला लागली, ते रडायचं थांबलं. ते मी शेजारणीकडं दिलं आणि नातीच्या बाह्या सारून कोपरापर्यंत हात माखले, मग खाली बसून पाय. माझे गुडघे ओरडत होते. खड्यांनी तिच्या तळव्याला बारीक ओरखडे आले होते, तिथं हळद झोंबली असणार. पण पाय तिनं मागं घेतला नाही. वर बघितलं तर तिचं तोंड उन्हाच्या आड होतं, पिवळं, चकाकतं, आणि मागं तशीच पिवळी, अजून धुवायची राहिलेली माय. क्षणभर मला दोघींतली कुठली माझी ते कळेना. बायांनी हळदीचं गाणं धरलं.

"कुठला पोरगा?" एकीनं माझ्या कानाशी येऊन विचारलं.

"लांबचा हाय."

"काय करतो?"

"बापाच्या हाताखाली सुतारकी शिकला," मी म्हणाले.

"हाताला काम हाय म्हंजी चांगलंच हाय," असं म्हणून ती बाई इतरांना सांगायला गेली. संध्याकाळपर्यंत ही बातमी पुसेगावापलीकडं गेली असणार.

मुलगा आला तो जवळजवळ धावतच. लांबून त्याला एवढंच दिसलं होतं की पोरगी नखशिखांत पिवळी झाली. त्याच्या तोंडावर असं हसू होतं, जे मी उन्हाळ्यापासून बघितलं नव्हतं. "लावलीस, आई! आगं, एक बोट म्हणलो व्हतो, तू तर..."

"तिनं मागून घेतली."

"व्हय?" तो आणखी हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून हसू हळूहळू उतरायला लागलं. मी त्याला परातीच्या काठाशी बसवलं आणि तिचे शब्द सांगितले, जसेच्या तसे. कोरडी जाऊ का, म्हणाली. थांबायला नको, जायला लाव, म्हणाली.

मिस्सा, म्हणजे फादरची मोठी प्रार्थना, सुरू झाली, लोक गुडघ्यावर टेकले, तो बसलेलाच राहिला. त्याला राग यायचा असेल तर येऊ दे, म्हणून मी तिथंच बसून राहिले. फादर तरुण होते, काय काय चांगलं बोलले असतील. माझं ध्यान नव्हतं. मधेच कधीतरी तो म्हणाला, "तुला वाईट न्हाई का वाटत?"

"वाटतं की. लई वाटतं."

"मंग लावली काहून?"

"मी लावली न्हाई, बाळा. मी पाठवली."

त्यानं मान खाली घातली. पुढं गायन सुरू होतं, त्यात नातीचा आवाज होता, बेसूर. आमच्या घरात कुणालाच गळा नाही. तो तिकडं कान देऊन बसला. ती दोन बायांच्या मधे उभी होती, हळद वाळून तिच्या गालांना भेगा पडत होत्या, आणि ती गाताना खाजवत होती. देवाशप्पथ, त्या तोंडावर मूर्तीसारखं काही नव्हतं. पण तिच्याकडं बघता बघता मी आत डोकावायचं विसरले, हे मला उतरताना कळलं.

उतरणीला ऊन तिरपं झालं होतं. डाव्या अंगाला कुणी आलं नाही. ती वरच राहिली असावी. राहू दे, तिला कुणी घाई केलेली नाही. जीपमध्ये मुलगा नातीशेजारी बसला, सून समोर माझ्याजवळ. सून रडून रडून दमली होती आणि आता नातीच्या ओढणीवरची हळद नखानं खरवडत होती. सोयाबीन दोन्ही बाजूंनी पिवळं पडायला लागलं होतं आणि जीपबरोबर ते मागं मागं वाहत होतं, आपण थांबलोय आणि जमीनच चाललीय असं.

सेनगाव जवळ आलं तसा मुलगा खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "बाई, तिकडं झोपायला गादी देतेत का सतरंजी?"

"गादी देतेत, पप्पा."

"पातळ असंल."

"पातळच असती," नात म्हणाली. "सिस्टर म्हणल्या, पाठीला चांगली ऱ्हाती."

"त्यायच्या पाठीला ऱ्हात असंल." मग सुनेकडं वळून, रागावल्यासारखा, म्हणाला, "पहिल्या वेचणीचा कापूस इकायचा न्हाई यंदा. सांगून ठेवतो."